पुसलेला पिवळा दिवा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, प्रत्येकाच्या पोटात काहीतरी असतंच. पण माझ्या पोटात काही राहत नाही हो. डॉक्टरने मला वजन कमी करा म्हटलं, तर संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या भांडुपला माहीत असतं — मीच सांगत फिरतो. आमच्या घराण्यात लग्न असो, नामकरण असो, जेवणं उरकली की सगळे माझ्याभोवती खुर्च्या ओढतात. दादा, ते सांग ना. मी सांगतो. लोक हसून हसून डोळे पुसतात.

म्हणून ही एक गोष्ट न सांगता इतकी वर्षं राहिली, याचंच मला भय वाटतं.

डिझेल गाडी घ्यायची हे मी ठरवलं. बायको, ज्योती, म्हणाली होती, भांडुप ते साकीनाका एवढं तुमचं ऑफिस, तेही मुंगीच्या चालीने, पेट्रोल घ्या. धाकटा भाऊ सुनील शाळेची बस चालवायचा, त्याला तर गाडीतलं कळायचं. तोही म्हणाला, "दादा, डिझेलला मोकळा रस्ता लागतो रे. ट्रॅफिकमध्ये कोंडलीस तर घुसमटेल ती." मी ऐकतोय होय? दोघांना समोर बसवून मी इंजिनाच्या ओढीवर व्याख्यान दिलं. ते मी आदल्या दिवशी मोबाईलवर पाहिलं होतं, पण आव असा की इंजिन मीच बनवलंय.

वर्षभर झकास चालली. मग एका सकाळी समोरच्या काट्यांमध्ये एक पिवळा दिवा लागला. इंजिनाचं चित्र म्हणे — मला ते तोटीसारखं दिसायचं. ज्योती शेजारी होती. "ते पिवळं काय पेटलंय हो?" म्हणाली. मी म्हटलं, सेन्सर असतात, थंडीत होतं. भांडुपला थंडी! ती माझ्याकडे बघत राहिली.

आठवड्याभरात गाडीने ओढच सोडली. पवईच्या चढावर पाय तळापर्यंत दाबला तरी ती रखडायची, जणू मागून कुणीतरी धरून ठेवलंय. मागचे हॉर्न मारायचे, रिक्षावाले वळून बघत पुढे जायचे. बंद करून पुन्हा चालू केली की बरी. दोन दिवसांनी परत तेच. तुम्हाला कधी असं झालंय? गाडी बिघडल्याचं दुःख नसतं. आपलं व्याख्यान सगळ्यांना आठवेल, याची धास्ती असते.

साकीनाक्याच्या गल्लीत इस्माईलचं गॅरेज आहे. त्याने लॅपटॉप जोडला आणि जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. म्हणाला, "साहेब, धुराची जाळी भरली. काजळी गच्च बसलीय. महिन्यापूर्वी हायवेला पळवून आणली असती तर आतल्या आत जळून गेली असती. आता टाइम गेला. आता पळवून नाही होणार, ठेवून जा, मशीन लावून साफ करावी लागेल." आणि मग, हात पुसत, "घाटाबिटात नेऊ नका हां. भरून तर बिलकुल नाही. ही गाडी इंजिन वाचवायला स्वतःच पॉवर कापते. कुठे कापेल, नेम नाही."

इतकं स्पष्ट सांगितलं त्याने. मी ऐकलं काय? — हायवे.

कारण गाडी गॅरेजला ठेवली असती तर घरी सांगावं लागलं असतं. सुनील काही बोलला नसता, नुसता हसला असता. त्याचं ते हसू मला नको होतं. बस, एवढंच. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधून पाहिलं, सापडत नाही.

त्याच आठवड्यात आमची आत्या वारली. सिन्नरकडे तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. मला सुटी नव्हती. सुनील म्हणाला, "दादा, गाडी देशील का? आई आहे, वैशाली, पोरगी, सामान — एसटीने हाल होतील."

नाही म्हणायचं होतं मला. खरंच, जिभेवर आलं होतं. आणि मग डोक्यात ती गोष्ट आली — अरे, हा मोकळ्या रस्त्याने जाणार. काजळी जळेल. गाडी साफ होऊन घरी येईल, कुणाला कळणार नाही, वर दादाने गाडी दिली हे नाव. इस्माईल म्हणाला होता टाइम गेला. गॅरेजवाले घाबरवतातच, असं मी स्वतःला सांगितलं. मी सांगितलं की लोकांना पटतं, मला कसं नाही पटणार?

पण दिवा होता ना समोर. सुनील ड्रायव्हर माणूस. निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी, टायरला लाथ, आणि मग चावी अर्धी फिरवून थांबायचं — सगळे दिवे पेटतात, सगळे विझतात, ते बघायचं, मगच स्टार्ट. शाळेची पोरं बसवायची म्हणून लागलेली सवय. त्याच्या नजरेतून तो पिवळा सुटला नसता.

मी ऑनलाइन एक छोटा डबा मागवला होता, गाडीला खोचून मोबाईलला जोडायचा. त्यात एक बटण असतं, दोष पुसण्याचं. खाली पार्किंगमध्ये बसून मी ते दाबलं. दिवा गेला. काजळी होती तिथेच होती. मी फक्त गाडीचं तोंड दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीलने फेरी मारली. टायरला लाथ मारली. चावी अर्धी फिरवली आणि थांबला. मी खिडकीशी वाकून उभा होतो. दिवे पेटले. दिवे विझले. "एकदम ओके," म्हणाला, "दादाची गाडी म्हणजे काय!" सुनीलची बायको वैशाली पुढे बसली, आई मागे. पोरगी पूर्वा, तेव्हा शाळेत होती, तिने मला हात केला. मीही केला. तेव्हा तरी बोलायचं! खिडकी उघडी होती. हातभर अंतर होतं.

कसारा घाटात, चढावर, ट्रेलरला ओव्हरटेक करताना गाडीने पॉवर कापली. ती उजव्या लेनमध्ये, जागच्या जागी मेल्यासारखी झाली. मागून टेम्पो आला. त्याने ठोकलं, गाडी फिरली आणि पुढच्या बाजूने, वैशाली बसली होती तिकडून, कठड्यावर गेली.

आई वाचली, पूर्वा वाचली. वैशालीचा डावा हात दरवाज्यात सापडला. ती ब्लाउज शिवायची, अर्ध्या सोसायटीचे. तो हात आता मिटत नाही. चहाचा कप ती उजव्या हाताने उचलते आणि डावा मांडीवर ठेवते, पदराखाली.

मी दुपारनंतर हॉस्पिटलला पोचलो. सुनील बाकावर बसला होता, शर्टावर रक्त, त्याचं नव्हे. मला बघून उठलाही नाही. म्हणाला, "पाय दिला होता रे दादा. गाडीने घेतलंच नाही. समोर काहीतरी पिवळं पेटल्यासारखं वाटलं…"

बघा, त्याने स्वतःच हातात दिलं होतं. मला नुसतं हो म्हणायचं होतं.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "ऊन पडलं असेल काचेवर. घाटात गिअर टाकायला उशीर होतो कधीकधी, सुन्या. चांगल्या चांगल्यांचा होतो."

किती मायेने म्हटलं मी. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ते त्याने तेव्हाच मानलं. दादा म्हणाला म्हणजे असेलच.

गाडीचा पार चुराडा झाला होता, विम्यासाठी कुणी आत वाकूनही पाहिलं नाही. तो डबा मी कचऱ्यात टाकला, कांजूरच्या डम्पिंगमध्ये असेल कुठेतरी. सुनीलने शाळेची बस सोडली. माझ्या हातात पोरं कशी द्यायची लोकांनी, म्हणाला. आता तो एका टॉवरच्या गेटवर बसतो आणि येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितो. दर पौर्णिमेला आम्ही विहारात शेजारी बसून पंचशील म्हणतो. खोटं न बोलण्याचं शील येतं तेव्हाही माझा आवाज सगळ्यांत वर असतो. चांगला आहे आवाज माझा.

आणि अजून एक आहे. हे सांगायलाच मी इतका वेळ गोल गोल फिरतोय. घरात त्या दिवसाबद्दल कुणी बोलेना, सगळे गप्प गप्प, तेव्हा एका हळदीला मी ती गोष्ट सांगितली. हसवत. सुन्या घाटात गिअर शोधतोय आणि मागे आई बाबासाहेबांचा धावा करतेय — अशी. लोक आधी दचकले, मग हसले. सुनीलही हसला. त्यानंतर ती माझ्या नेहमीच्या गोष्टींतली एक झाली.

गेल्या रविवारी सुनीलकडे बोलावलं होतं. पूर्वा आता कॉलेजात आहे, तिला गाडी शिकायचीय, शिकाऊ लायसन्सही काढून आणलंय. सुनीलला ते नको होतं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "तू बोल दादा, तुझं ऐकते ती. आपल्या रक्तात नाही रे गाडी."

पूर्वा समोर येऊन बसली. हट्ट केला नाही तिने. एवढंच विचारलं, "मोठे पप्पा, त्या दिवशी पप्पांचं नक्की काय चुकलं होतं? मी मागे बसलेले, मला गिअरबिअर काही आठवत नाही."

वैशाली दारात उभी होती. ज्योती माझ्याकडे बघत होती, भांडुपच्या थंडीबद्दल ऐकून बघत राहिली होती तशीच. सुनीलने खुर्ची ओढली, माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाला, "सांग ना दादा. तूच नीट सांगतोस."

मी सांगितलं. गिअरपासून सुरुवात केली. आईच्या धाव्याशी आल्यावर सुनील हसला. पूर्वा नाही हसली. तिने ते लायसन्स उचललं आणि आत नेऊन ठेवलं.