पपईच्या वाट्याचं पाणी

पुण्याजवळ रिह्याच्या खोऱ्यातल्या त्या वृद्धाश्रमात सगळ्यात धडधाकट कोण, तर खिडकीखालची पपई. बाकीचे सगळे कमरेवर हात ठेवून चालणारे. ही मात्र भर वैशाखात हिरवीगार, फळांनी लगडलेली. तिच्या तब्येतीचं गुपित अकरा म्हाताऱ्यांना ठाऊक होतं आणि अकराही जण मूग गिळून बसले होते. त्यातलीच एक गोजराबाई.

गोजराबाई जवळच्याच माण गावची. शेतावर आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठल्या, घराच्या खोल्यांत भाडेकरू आले, आणि ‘मला माझ्या वयाची माणसं पायजेत’ म्हणत ती आपल्या पायांनी इथं आली. वय अठ्ठ्याहत्तर, तोंड फटकळ. पण गेला महिनाभर ती गप्प होती.

त्याला कारण शेजारच्या खाटेवरची तुळजाबाई. तिला लघवीचा जंतुसंसर्ग झाला, ताप चढला, ती भ्रमात बडबडायला लागली आणि अंथरूण ओलं झालं. ताप उतरल्यावर तिला खाटेवर परत आणलं नाही, मागच्या खोलीत नेलं. मागची खोली म्हणजे डायपर बांधून पडून राहायचं. तिथं गेलेलं माणूस चालत बाहेर आलेलं गोजराबाईनं अजून पाहिलं नव्हतं.

म्हणून तर दुपारी चारनंतर कुणी पाणी पीत नसे. संडास बोळाच्या पार टोकाला, मध्ये एक उंच पायरी, आणि हात धरायला एकच मावशी. अंथरूण ओलं होण्यापेक्षा घसा कोरडा बरा! मावशी दर दोन तासांनी पेला भरून द्यायची, वहीत खूण करायची आणि पुढच्या खाटेकडे वळायची. ते पाणी मोरीत ओतलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण जन्मभर डोक्यावरून हंडे वाहिलेली माणसं पाणी मोरीत ओततील होय? छ्या! सगळं खिडकीतून पपईला.

अशात पुण्याहून डॉक्टर अपूर्वा आली. म्हाताऱ्यांना हा संसर्ग पुन्हा पुन्हा का होतो, याचा तिला अभ्यास करायचा होता. सुई ना मशीन, नुसती वही घेऊन ती सगळ्यांबरोबर गोल करून बसली. दर सोमवारी असं बसायचं ठरलं.

“तुम्ही माझे पेशंट नाही, भागीदार,” ती म्हणाली. “काय विचारायचं ते तुम्हीच ठरवायचं.”

“भागीदार म्हंजे वाटणी आली,” हैबतराव मिशीत हसले. सगळ्यांत थोरले तेच. “आमची वाटणी काय?”

“अभ्यासातून जे निघेल त्यात तुमचा शब्द चालेल.”

तिसऱ्या सोमवारी अपूर्वानं मावशीची वही उघडली. “सगळे दिवसाला आठ पेले पाणी पिताय, तरी आजार थांबत नाही. कुठेतरी माझंच चुकतंय. ‘पाणी पुरेसं पिता का?’ हा प्रश्न बरोबर आहे ना?”

दारात व्यवस्थापक शुभांगीबाई उभ्या होत्या. गोजराबाईनं हिशेब केला: बोललं तर आपलीही खाट जाणार. न बोललं तर तुळजी तिकडंच सडणार. तिनं रिकाम्या खाटेकडं पाहिलं आणि काठी टेकून उठली.

“तुझा सवालच चुकलाय, पोरी. पाणी पिता का, असं नगं इचारू. पाणी प्यायला भ्या कशाचं वाटतं, ते इचार.” मग काठीनं खिडकीबाहेरची पपई दाखवली. “आमचं पाणी ती पिते.”

अपूर्वा पपईकडे बघतच राहिली. हैबतरावांना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. गोजराबाईनं मग सगळंच सांगून टाकलं. चैत्रात आपलं अंथरूण एकदा भिजलं होतं आणि आपण पेला सांडला म्हणून थाप मारली, तेसुद्धा. “आता न्या मला बी मागल्या खोलीत!”

“आजी, ती खोली म्हणजे शिक्षा नाही हो,” शुभांगीबाई कशाबशा म्हणाल्या.

“तुमाला न्हाई. आमाला हाय.”

शुभांगीबाई खुर्चीवर बसल्या. “दोन वर्षं मी त्या वहीवर सह्या करतेय,” त्या हळूच म्हणाल्या.

अपूर्वानं जुना प्रश्न खोडला आणि आजीचा लिहिला. पायरी काढायची, भिंतीला दांडा लावायचा, चारनंतर दुसरी मावशी ठेवायची आणि काय फरक पडतो ते बघायचं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं.

“आन माझी वाटणी?” गोजराबाई म्हणाली. “तुळजीला तिच्या खाटेवर आणा.”

पंधरा दिवसांनी दांडा धरत धरत, तीनदा थांबत, तुळजाबाई आपल्या खाटेशी आली. गोजराबाईच्या मनावरचा धोंडा उतरला, आणि ती पदर डोळ्यांना लावून चक्क रडली.

संध्याकाळी पाचला पेला आला. तुळजाबाईचा हात सवयीनं खिडकीकडं वळला. गोजराबाईनं तो धरला.

“पी गुमान. तिला मी सकाळी घालते.”

तुळजाबाईनं पेला रिकामा केला. मग कावरीबावरी होऊन पुटपुटली, “आता जावं लागंल गं मला.”

“मग चल की,” गोजराबाई म्हणाली, आणि आपलाही पेला घटाघटा पिऊन तिच्याबरोबर निघाली.