बाहेरचा काठ

"बाई, पाणी तुम्ही ओतू नका. पाटलांच्या मंदाला ओतू द्या. तुम्ही बाजूला उभं राहून सांगा."

सातवीच्या भरल्या वर्गात हेडमास्तर हे बोलले. हळू आवाजात नाही. माझा हात माठाकडे गेला होता. तो तसाच हवेत राहिला.

मी म्हणाले, "गुरुजी, मंदा काढून देईल. ओतते मी."

"तांब्या शाळेचा आहे," ते म्हणाले.

ते पाणी कुणी पिणार नव्हतं. मातीवरून वाहून घमेल्यात पडणार होतं आणि तिथून उकिरड्यावर जाणार होतं. तेवढ्यालासुद्धा माझा हात नको.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. मोसम नदीच्या काठावरचं ते गाव. माझी पहिलीच नोकरी. वडील नाशिकला रेल्वेत गँगमन. मी डी.एड. झाले तेव्हा आमच्या कॉलनीत त्यांनी घरोघर पेढे वाटले होते, बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला होता. गावात मला कुणी खोली दिली नाही, म्हणून मी नामपूरला राहायचे आणि एसटीनं यायचे. शाळेच्या माठाला हात लावायचा नाही हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. प्यायचं पाणी मी बाटलीतून आणायचे. घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

नदी जमीन कशी घडवते, हा धडा मुलं नुसतं पाठ करायची. मला ते दाखवायचं होतं. माझ्या ट्रंकेचं झाकण मी बिजागरीतून काढलं. खालच्या कडेला खिळ्यानं भोक पाडलं. नदीवरून वाळू आणि गाळ आणून झाकणात भरला, एक बाजू विटांवर उचलून ठेवली. वाळूत बोटानं नदी काढली, नागमोडी. सकाळी ते रिकामं झाकण डोक्यावर घेऊन मी एसटीत चढले तेव्हा कंडक्टर हसला होता.

आणि आता मी हात मागे बांधून उभी होते. मंदा पाणी ओतत होती, मी लांबून सांगत होते. "हळू. अजून हळू. आता बघा. वळणावर पाणी बाहेरच्या काठावर आदळतं. तिथं जोर जास्त. तो काठ कापला जातो. आतल्या बाजूला पाणी मंद असतं. तिथं गाळ बसतो."

माती खरंच कापली जात होती. पोरं बाकांवर चढून बघत होती. आपला धडा चांगला चाललाय याचा आनंद मला होत नव्हता. शरम वाटत होती. आणि शरम माझीच मला वाटत होती, त्यांची नाही. याची आज चीड येते.

मागच्या भिंतीपाशी आमच्या लोकांच्या वस्तीची पोरं बसायची. त्यातली कमळ उठली. कधी न बोलणारी पोरगी.

"बाई, यामा आमनी वस्ती कोठे शे?"

मी झाकणाकडे बघितलं. गाव वरच्या अंगाला, खडकावर. वस्ती खाली, नदी वळते तिथं. बाहेरच्या काठावर. जिथं आत्ताच माती ढासळली होती.

"उद्या सांगते," मी म्हणाले. वर्ग सुटला.

संध्याकाळची एसटी सोडून मी कमळबरोबर वस्तीवर गेले. काठ उभा तुटलेला. बाभळीची मुळं हवेत लोंबत होती. एका घराची अर्धी जमीन सारवलेली, आणि पुढं काही नाही. खाली नदी.

कमळच्या आईनं त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. "आठे आमनी चूल व्हती." मग म्हणाली, "सासू आठेच झोपेल व्हती."

मागच्या पुरात भिंतीसकट म्हातारी गेली. गाव म्हणालं, नदीचा कोप. वस्तीही तेच म्हणाली.

वर माळ होता. गावठाणाचा, मोकळा, उंच. वस्तीच्या लोकांनी तो मागितला होता. सरपंच म्हणजे मंदाचे वडील. त्यांनी चावडीवर सगळ्यांसमोर उत्तर दिलं होतं, "तिकडून गावात वारा येतो."

आमच्या अंगावरून गेलेला वारासुद्धा चालत नाही यांना. आणि खालच्या वळणावर, जिथं गाळ येऊन बसतो, तिथं त्यांचा मळा. आमच्या लोकांच्या चुलीखालची माती तिथं जाऊन पडत होती. त्यात कांदा उगवत होता.

एवढं कळायला मला ट्रंकेचं झाकण लागलं. पुस्तकात हे नव्हतं.

थोड्या दिवसांनी तपासणीला शिक्षणाधिकारी साहेब येणार म्हणून निरोप आला. हेडमास्तर माझ्याशी पहिल्यांदाच गोड बोलले. "तो नदीचा प्रयोग दाखवा साहेबांना. मागच्यासारखाच."

मी नदी पुन्हा केली. या वेळी गाव मांडलं. उंचावर काड्यापेट्यांची घरं, पांढरा खडा देवळाचा. बाहेरच्या काठावर काटक्यांच्या झोपड्या. खालच्या वळणावर हिरवा पाला, मळ्याचा. माळ रिकामा ठेवला.

हेडमास्तरांनी ते बघितलं. "ह्या काटक्या काढा."

"वस्ती आहे ती."

"भूगोल शिकवायचाय तुम्हाला. काढा."

मी काढल्या नाहीत. साहेब आले, खुर्चीवर बसले. मंदा तांब्या घ्यायला उठली. तिला मी म्हणाले, "बस बाळ." आणि माठाचं झाकण काढलं. तांब्या आत बुडवला. माझी बोटं पाण्याला लागली. ती लागू दिली.

हेडमास्तर उठले, साहेबांकडे बघून पुन्हा बसले.

मी पाणी ओतलं. काठ भिजला, चिरला, सुटला. एकामागून एक काटक्या पाण्यात पडल्या.

मी म्हणाले, "काठ नदीनं तोडला. नदी बाहेरचाच काठ तोडते, तिला जात कळत नाही. पण ही माणसं बाहेरच्या काठावर नदीनं बसवली नाहीत. ती कुणी बसवली?"

मग कमळ उभी राहिली. म्हणाली, "गावनी."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "पाठ बरा आहे. विषयाला धरून राहत जा," म्हणाले, आणि चहाला गेले.

दुपारी हेडमास्तरांनी माठ फोडला. माझ्यासमोर, पायरीवर. पाटलांनी मंदाला शाळेतून काढलं. जाताना ती माझ्याकडे बघत होती, तिच्या डोळ्यांत राग नव्हता. महिन्याभरात माझी बदली झाली. पेठकडे, डोंगरातल्या शाळेवर. कारण लिहिलं होतं, प्रशासकीय.

सामान बांधलं आणि पेठची एसटी न धरता वस्तीवर गेले. पावसाळा तोंडावर होता. मी म्हणाले, "माळावर चला. विचारायला नाही. राहायला."

कमळच्या आईनं मला विचारलं, "बाई, तुमनी नोकरी जाई ना?"

"गेली तर गेली."

तिनं आत जाऊन पहार आणली.

आम्ही भर दुपारी गावाच्या डोळ्यांदेखत माळावर चढलो. जमीन कडक होती. पहार वाजत होती. पहिला खांब उभा राहिला तेव्हा खालून पाटील, हेडमास्तर आणि दहा-पंधरा माणसं काठ्या घेऊन वर येताना दिसली. बायांनी पोरांना मागं घेतलं. मी खांबाला दोन्ही हातांनी धरलं.

त्या दिवशी डोकं फुटलं माझं. त्यांनी खांब उपटला. दुसऱ्या दिवशी आम्ही तो पुन्हा रोवला. परत उपटला, परत रोवला. मी पेठला उशिरा हजर झाले, पगार कापला गेला, सर्व्हिस बुकात नोंद झाली. त्या पावसात खालची आणखी घरं गेली.

मी दर सुट्टीला तिथं जाते. माळ अजून आम्हाला मिळालेला नाही. मागून मिळणारही नाही. एक गोष्ट मात्र ठरलीय. आता खाली कुणी घर बांधत नाही. खांब रोवायचा तो माळावरच.