पुस्तकांवरची परकी नावे

माझे शालेय शिक्षण सातवीला थांबले. तरीही कोर्टाच्या भिंतीलगत टेबल मांडून मी लिहिलेल्या अर्जांत एकाही कारकुनाने आजवर त्रुटी काढलेली नाही, हे प्रारंभीच नमूद करतो. पुढील प्रसंगी चूक माझी होती, हेही नमूद करतो.

कसबा पेठेतील एका मुसलमान बाइंडरची मुलगी विद्यापीठात शिकत होती. विद्यार्थ्यांनी स्वतः जमवलेल्या पुस्तकांची तेथे स्पर्धा होती. यादी व टिपण आधी द्यायचे, मग परीक्षक पुस्तके पाहणार. हिने जुन्या बाजारातून स्वयंपाकाची पुस्तके जमवली होती. टिपण टाइप करून घेण्यास ती माझ्याकडे आली.

"बक्षीस मिळालं तर पुस्तकं घरात राहतील, काका. नाहीतर भावाच्या लग्नाआधी अब्बा रद्दीत घालणार. दोनच खोल्या आहेत आमच्या."

यादीत 'आधीची मालकीण' असा एक रकाना होता. तो वाचून मी चष्मा काढला.

"ही पुस्तकं दुसऱ्यांची आहेत?"

"होती. आत त्यांची नावं आहेत, समासात शेरेही. तीच तर गंमत आहे."

"दुसऱ्याचं नाव असलेली वस्तू आपली म्हणून मांडायची, म्हणजे हरकतीला आमंत्रण."

"अहो काका, ही स्पर्धा आहे, दावा नाही."

"ज्याचा निकाल लागतो तो दावाच."

रकाना मी वगळला. त्याऐवजी, सदर पुस्तके माझ्या एकटीच्या मालकीची असून त्यांवर अन्य कोणाचाही हक्क अथवा हितसंबंध नाही, असा परिच्छेद घातला. नावांवर व शेऱ्यांवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवण्यास सांगितले आणि माझी डिंकाची बाटलीही दिली. माझ्या वयाचा मान राखून तिने ऐकले.

एका परीक्षकाने पान खिडकीकडे धरून पट्टीखालचे वाचण्याचा प्रयत्न केला, असे तिने नंतर मला सांगितले.

"म्हणाले, संग्रह तर झाकून ठेवलात. बक्षीस कशाला द्यायचं, पट्ट्यांना?"

बक्षीस दुसऱ्या कोणास मिळाले. ती रागावली नाही. "रद्दीवाला रविवारी येतोय," एवढेच बोलली.

रविवारी मी बाइंडरच्या घरी गेलो. क्षमा मागण्याचा मला सराव नाही. माझ्या अर्जांत ती पक्षकार मागतो. म्हणून मी वस्तुस्थिती विशद करू लागलो. बाइंडर ओल्या फडक्याने एक पट्टी सोडवत होता. मुलगी शेजारी बसली होती. रद्दीवाला तराजू घेऊन दारात उभा होता.

"डिंक तुमचा?" बाइंडरने मला विचारले.

"हो."

"बाइंडरच्या घरात पिठाची खळ असताना पोरीला डिंक दिलात! पान कसं आखडलंय बघा. बाहेर गेलं तर लोक म्हणतील, हे काम माझं."

पट्टी सुटली. खाली जांभळ्या शाईत लिहिलेले त्याने मोठ्याने वाचले, "मीठ निम्मे घालावे. लिहिणाऱ्याने चूल पाहिलेली दिसत नाही." तो हसला, फार नाही.

"थांबू की जाऊ?" रद्दीवाल्याने विचारले.

"जा. दुरुस्त केल्याशिवाय ही घराबाहेर जायची नाहीत."

"मग कधी येऊ?"

बाइंडरने ढिगाकडे पाहिले, मग मुलीकडे. "नको येऊस. लग्न झालं की फळी मारतो वरती."

मुलीने दुसरे पुस्तक पुढे सरकवले. बाइंडर माझ्याकडे वळला. "उभे काय राहिलात? आपण ही कड धरा. दाबू नका."

मी धरली.