तिसऱ्या चित्रातल्या दोघी

लंडनच्या एका चिंचोळ्या गल्लीत डॉर्कस पिल्बीम तांब्याच्या पत्र्यावर नीतीची चित्रं कोरून त्यांचे कागदी छाप विकत असे. नवरा गेल्यावर त्याची हत्यारं तिनं उचलली आणि आळशी मोलकरणीचा अधःपात सहा चित्रांत कोरला. पहिल्या चित्रात मोलकरीण चुलीपाशी पेंगते, सहाव्यात तुरुंगात खितपत पडते. खप मात्र तिसऱ्याचा, दारूच्या गुत्त्यातल्या चित्राचा. सोवळ्या माणसांना नेमका तिथलाच बोध हवा असे.

चित्रासाठी फुकट बसणार कोण? मोलकरीण म्हणून तिनं लेक केझायालाच बसवलं. गुत्त्यात तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे उभ्या कुंटिणीचं तोंड चर्चमध्ये, प्रवचन चालू असताना, पलीकडच्या बाकावरून चोरलं. तांब्यावरचं डावं कागदावर उजवं उमटतं, म्हणून नवरा आरशात बघून कोरायचा. डॉर्कसला एवढा धीर नव्हता. तिनं सरळच कोरलं. केझायाच्या डाव्या गालावरचा तीळ छापात उजव्या गालावर गेला आणि पोरीला कुणी ओळखलं नाही.

पुढे मेणबत्तीवाल्या थ्रपांचा मुलगा केझायावर भाळला. त्याच्या आईनं मायलेकींना चहाला बोलावलं. ही आई म्हणजेच पलीकडच्या बाकावरची बाई. आधीच धास्तावलेली डॉर्कस दिवाणखान्याच्या दारातच थबकली. भिंतीवर तिचीच सहाही चित्रं टांगलेली; छापावर कोरणाऱ्याचं नाव नसल्यानं थ्रपबाईंना पत्ता नव्हता.

"मोलकरणींसाठी लावलीत," थ्रपबाई म्हणाल्या. "तिसऱ्यातली ती थेरडी पाहिलीत? मेलीच्या तोंडावरच पाप लिहिलंय."

"लिहिलंय खरं," डॉर्कस कपात बघत म्हणाली.

"पण ती मुलगी तुमच्या केझायासारखी..." थ्रपबाईंनी चित्र पाहिलं, मग केझायाचा गाल पाहिला. "छे. तीळ त्या गालावर नाही."

डॉर्कसनं पुन्हा चहाचा घोट घेतला.

"इकडे ये गं. माझ्या सासूची माळ शोभते का बघू."

त्यांनी केझायाला आरशासमोर उभं केलं, माळ घातली आणि मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. आरशात तीळ उजव्या गालावर आला. थ्रपबाईंची नजर शेजारच्या तिसऱ्या चित्रावर गेली. तोच तीळ. तोच खांद्यावरचा हात. आणि हाताच्या वर, थ्रपबाईंच्या स्वतःच्याच तोंडावर, तीच लोंबती पापणी, तीच लांबोडकी हनुवटी.

डॉर्कस खुर्चीच्या कडेवर आली. आता सोयरीक मोडणार. पण थ्रपबाईंनी मुलीला ओळखायचं, तर चित्रात तिच्यामागे कोण उभं आहे तेही त्यांना सांगावं लागलं असतं.

"डॉर्कसबाई," थ्रपबाई सावकाश म्हणाल्या, "हे तिसरं चित्र मोलकरणींना भलतंच शिकवतं. काढूनच टाकते."

"मीही तेच सुचवणार होते."

"आणि लग्न ईस्टरनंतर लगेच उरकू."

घरी येऊन डॉर्कसनं पत्र्यावरचा लेकीचा चेहरा घासून काढला. म्हातारीचा तसाच ठेवला. सासू लेकीला कशी वागवते ते आधी बघू, म्हणाली.