उतरत्या झाकणाची पेटी

सत्तरच्या दशकात सोलापुरात मोटारींच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारे एक मुसलमान गृहस्थ होते. त्यांचे नाव मी कधी विचारले नाही. वळसंगच्या देवळात वीज नव्हती, म्हणून सायंकाळच्या पुराणवाचनासाठी त्यांनी मला जुनी बॅटरी बसवून दिव्याची लाकडी पेटी करून दिली. आजोबांनी लिहिलेली पोथी वर ठेवता यावी, म्हणून मी सपाट झाकण सांगितले होते. त्यांनी ते उतरते केले. मी नाराज झालो.

"पंडितजी, अंदर तेजाब है," रंधा थांबवून ते म्हणाले. "मैं बोल्या तो बी तुमे भूलको किताब उप्पर रखते. अब रखो, देखू."

पेटी मी ज्या उपरण्यात बांधून नेई, त्याची बॅटरीतल्या आम्लाने वर्षभरात चाळण झाली. पोथीचे अक्षर न् अक्षर आजही शाबूत आहे. ती उघडण्यापूर्वी हात जोडतो, तेव्हा रंध्यावरचे ते हात आठवतात.