सगळ्यात उंच खांब

धाकट्या मालकांना शून्याचा फार तिटकारा होता. बँकेच्या खात्यातल्या शून्याचा असता तर मी समजून घेतलं असतं, पण त्यांचा राग आलेखातल्या शून्यावर. उभ्या अक्षाच्या तळाशी बापडं शून्य गुमान उभं असलं, की ते म्हणत, "हे काढून टाका मॅडम, उगंच जागा खातंय."

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आमची लोखंड ओतायची फौंड्री. तारे वसाहतीच्या नावात आहेत, आमच्या वाट्याला वाळू आणि धूर. शाहूपुरीतून कंपनीच्या बसनं जायचं आणि क्वालिटी विभागाच्या खोलीत बसून वाळूच्या साच्यांत किती कास्टिंग ओतली, त्यातली किती खराब निघाली, का निघाली याची आकडेवारी लावायची, हे माझं काम. संख्याशास्त्र शिकून मी हे करते. नातेवाइकांत मात्र "ती कॉम्प्युटरवर असते" एवढीच माझी ख्याती आहे.

मोठ्या मालकांचं आलेखाबद्दलचं मत एका वाक्यात मावायचं: रेघ चढती पाहिजे. नोकरीला लागल्यावर मी मोठ्या हौसेनं त्यांना खराब मालाची उतरती रेघ दाखवली होती. वाटलं, खूश होतील. त्यांनी कागद उलटा धरला, मग सुलटा धरला आणि म्हणाले, "कारखाना बुडवायला आलाईसा काय? उतरती रेघ भिंतीवर लावत्यात व्हय?" त्या दिवसापासून मी खराब मालाऐवजी चांगल्या मालाची रेघ काढू लागले. आकडे तेच, पण आता ती चढत होती आणि मालक तिच्याकडं नातवाकडं बघावं तसे बघत.

हे चाललं होतं ते बरं चाललं होतं. मग धाकटे मालक पुण्याहून मॅनेजमेंट शिकून परत आले. येताना त्यांनी एक सॉफ्टवेअर आणलं. त्यात बटण दाबलं की खांब उभे राहत. साधे नव्हेत, जाडी असलेले, चकाकणारे, सावली पडणारे. फौंड्रीत माणसाला उभं राहायला सावली नव्हती, पण खांबांची सोय झाली. एकदा त्यांनी वर्षभराचा सगळा माल एका गोलात बसवला, प्रत्येक महिन्याला वेगळा रंग दिला आणि मला विचारलं, "कसं वाटतंय?" वाढदिवसाचा केक वाटत होता. मी म्हटलं, "गोलात भाग दिसतात सर. महिन्यामागून महिना कसा गेला ते बघायचं तर रेघ हवी." ते म्हणाले, "रेघ बोअर असते."

तर या रंगीत कारभाराच्या तडाख्यात एक माणूस सापडला. आमच्या सेकंड शिफ्टचे फोरमन. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. कर्नाटकाच्या हद्दीला लागून त्यांचं गाव, म्हणून मला अक्का म्हणायचे. भट्टीच्या आवाजावर आवाज चढवून आयुष्य गेल्यामुळं ते कुणाच्या कानातही ओरडूनच बोलत. मिशी, दरारा आणि स्वतःविषयीचं उत्तम मत, तिन्ही भरपूर. "आपल्या हाताखालनं गेलेलं कास्टिंग परत येत न्हाय," हे ते नव्या माणसाला नावाआधी सांगत.

धाकट्या मालकांनी दोन शिफ्टमधल्या खराब मालाची तुलना केली. खरं तर फरक शंभर नगांत एका नगाचाही नव्हता. दोन भांड्यांतल्या आमटीत मीठ एखाद्या चिमटीनं इकडंतिकडं असतं, तेवढा. पण त्यांनी शून्य कापलं आणि जिथं पहिल्या शिफ्टचा आकडा संपत होता, त्याच्या जरा खालून अक्ष सुरू केला. झालं. मासिक मीटिंगमध्ये पडद्यावर पहिल्या शिफ्टचा खांब घोट्याएवढा, हिरवा. सेकंड शिफ्टचा लालभडक, पडद्याच्या वरच्या कडेला भिडलेला.

"शून्यापासून काढा सर," मी म्हटलं.

"शून्यापासून काढलं तर फरकच दिसत नाही, मॅडम."

"दिसत नाही, कारण तो नाही."

मी माझा आलेख लावला. दोन्ही शिफ्टच्या दोन रेघा, महिन्यामागून महिना, शून्यापासून. दोघी एकमेकींना चिकटून चाललेल्या, पावसाळ्यात वाळू ओलसर होते तेव्हा दोघी मिळून वर, कोरड्या दिवसांत दोघी मिळून खाली. मोठे मालक जांभई देत म्हणाले, "ह्यात काय बघायचं? गवत उगवल्यागत दिसतंय." खरं आहे. खऱ्या आलेखात पुष्कळदा बघण्यासारखं काही नसतं, आणि ते सांगायलाच तो काढायचा असतो. पण लाल खांबापुढं हे कोण ऐकणार? ठरलं, की मिस्त्रींना शिफ्टवरून काढून मागच्या भंगाराच्या आवारात बसवायचं. दसरा जाऊ द्यायचा, सणाच्या तोंडावर वाईटपणा नको.

मिस्त्री मीटिंगमध्ये होते. मला वाटलं आता हे छप्पर उडवणार. ते नुसतेच पडद्याकडं बघत राहिले.

खंडेनवमीला आमच्याकडं यंत्रांची पूजा असते. भट्टीला हार, लेथला हार, माझ्या कीबोर्डवर कुंकू, जे पुढं महिनाभर बोटांना लागतं. कामगारांची बायकापोरं येतात, पेढे वाटतात. धाकट्या मालकांनी त्या वर्षी फाटकापाशी मोठा फलक उभा केला आणि त्यावर तेच दोन खांब छापले. सगळ्यांनी बघावं, सेकंड शिफ्टला लाज वाटावी, असा त्यांचा हेतू. हा खराब माल आहे हे सांगणारा मथळा इंग्रजीत होता, तोही बारीक. पूजेला फलक सजवताना झेंडूची माळ बरोबर त्या मथळ्यावर आली.

प्रमुख पाहुणे होते धाकट्या मालकांचे सासरे, पन्हाळ्याचे. तालमीत वाढलेले गृहस्थ. ते गाडीतून उतरले, फलकापुढं थांबले, मान वर करून लाल खांब पायथ्यापासून शेंड्यापर्यंत बघितला.

"भले शाब्बास! ह्यो कुनाचा?"

"सेकंड शिफ्टचा, पावणं," वॉचमननं सांगितलं.

"मग बोलवा की त्यास्नी!"

ज्या मुलखात गणपती उंचीनं मोजतात, तिथं सगळ्यात उंच खांब हरलेला असू शकतो हे त्या बिचाऱ्यांच्या मनात कसं यावं? मिस्त्रींना पुढं ढकललं गेलं. ताटात पाहुण्यांसाठीच आणलेला भगवा फेटा होता. तो पाहुण्यांनी स्वतःच्या हातानं मिस्त्रींना बांधला. मालकीणबाईंनी ओवाळलं, बायकापोरांनी टाळ्या वाजवल्या. मी धाकट्या मालकांच्या मागंच उभी होते.

"पप्पा, सांगा की त्यांना, हा खराब मालाचा खांब आहे," ते कुजबुजले.

"गप," मोठे मालक ओठ न हलवता म्हणाले. "व्याही हायत. टाळ्या वाजीव."

धाकट्या मालकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या चेहऱ्याइतका सुरेख आलेख मी कधी वाचला नव्हता. व्याह्यांनी फेटा बांधलेला माणूस भंगारात बसवायचा तर व्याह्यांना काय सांगणार? बदली तिथंच बारगळली. जेवणाच्या पंगतीत पहिल्या शिफ्टचे फोरमन माझ्याजवळ येऊन कुरकुरले, "मॅडम, आमचा खांब एवढुसाच का काढलाय? पुढल्या वर्षी आमचा बी वरपातूर पायजे." मी म्हटलं, त्यासाठी फार मेहनत लागणार नाही.

मला पोटभर हसू येत होतं. संध्याकाळी बसची वाट बघत खोलीत बसले होते, तेव्हा मिस्त्री आले. फेटा काढून काखेत धरलेला. आवाज इतका लहान की मला पुढं वाकावं लागलं.

"अक्का, त्यो खांब खरा हाय का?"

"आकडे खरे आहेत. उंची खोटी आहे."

मी माझ्या दोन रेघा उघडल्या. त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं.

"ह्यातली मी कंची?"

मी दाखवली. त्यांचं बोट त्या रेघेवरून सावकाश शेवटपर्यंत गेलं. मग ते दुसरीवरून गेलं.

"जोडीनंच चालल्यात की."

"जोडीनंच."

ते खुर्चीत बसले. "मीटिंग झाल्यापास्नं मला वाटाय लागलं, हात गेला आपला. वाळू मुठीत धरली की कळायचं मला, वली हाय का कोरडी. आता मूठ दाबतोय, कळतंय, पर इस्वास बसत न्हाय. दुसऱ्याला इचारतोय. मी! दुसऱ्याला!"

तोवर हे सगळं मला तमाशासारखं वाटत होतं. आता मात्र धाकट्या मालकांचा असा संताप आला, की त्यांचे ते चकाकणारे खांब एकेक करून मोडावेसे वाटले. खालचा थोडा अक्ष कापला म्हणून कागदाचं काही बिघडत नाही, पण इथं एका माणसाला स्वतःच्या मुठीची शंका आली होती.

"ह्येचा एक कागद द्या," ते म्हणाले. "कारभारनीला दावतो घरात."

"फेटा बघूनच खूश होतील की त्या."

"फेट्याचं काय न्हाय तिला. मला झोप न्हाय, ते ठावं हाय तिला."

मी छापून दिला. त्यांनी तो घडी न घालता, छातीशी आडवा धरला. दारातून मागं वळले आणि फेटा माझ्या टेबलावर ठेवला.

"आनि ह्यो त्या खांबाला बांधा. मानकरी त्यो हाय."

जाताना मी तेच केलं. फलकाच्या चौकटीला, लाल खांबाच्या बरोबर डोक्यावर, फेटा घट्ट बांधून टाकला. दसऱ्याची सुट्टी संपवून आम्ही परत आलो तेव्हा तो तिथंच होता. मोठ्या मालकांनी गाडी थांबवून बघितला, हात जोडले आणि आत गेले.