मास्तरांच्या दारातली मोटार

त्या मोटारीचा विषय निघाला की आजही मला एका जागी बसवत नाही. पेन्शनीत येऊन इतकी वर्षं झाली. चोऱ्या, दरोडे, खून, कसले कसले तपास केले आणि त्यातले निम्मे विसरूनही गेलो. ही मोटार मात्र डोक्यातून हलत नाही. तशी ती जागेवरूनही हलत नव्हती म्हणा, आणि सगळं रामायण त्यावरूनच घडलं.

स्वातंत्र्य येऊन थोडी वर्षं झाली होती. मी पुलगावला ठाणेदार होतो आणि शेजारचं नाचणगाव आमच्याच हद्दीत. त्या गावात एका शाळामास्तरांचं आणि एका मोटार ड्रायव्हरचं घर समोरासमोर होतं. नावं सांगत नाही, कारण त्यांची मुलं-नातवंडं अजून त्या बाजूला आहेत. दोन घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत ड्रायव्हरची जुनी प्रवासी मोटार उभी होती. लढाईच्या काळात पेट्रोल मिळेना तेव्हा कोळशाच्या गॅसवर मोटारी चालवत, त्यातली ती एक. मागे गॅसचं गंजलेलं पिंप तसंच लटकत होतं. पुढे ती ज्या मार्गावर चालायची तो सरकारनं आपल्याकडे घेतला, खाजगी परवाने गेले आणि ह्याची मोटार दारात येऊन बसली. इंजिन विकलं, चाकं विकली, खाली विटा लागल्या. आत कोंबड्या अंडी घालत. पत्र्याचे पापुद्रे वाऱ्यानं उडून मास्तरांच्या ओसरीवर पडत. मास्तरांच्या स्वयंपाकघरात दुपारी बारालाही दिवा लावावा लागे, इतकी ती त्यांच्या खिडकीला खेटून होती.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी आली ती खबर.

आमच्या हवालदाराच्या ओळखीची एक माळीणबाई नाचणगावहून भाजी घेऊन पुलगावच्या बाजारात यायची. वांगी तोलता तोलता तिनं त्याला सांगितलं, की त्या ड्रायव्हरच्या मोटारीत दारू असते. आमच्या जिल्ह्यात तेव्हा दारूबंदी कडक होती आणि वरून सारख्या विचारणा यायच्या, केसेस किती केल्या म्हणून. हवालदार खूश झाला. मी दोन शिपाई घेतले आणि सकाळीच नाचणगाव गाठलं.

झडतीला पंच लागतात. लोकांना पंच व्हायला सांगितलं की शेतात काम निघतं, पोट दुखतं, पाहुणे येतात. नेहमीचा अनुभव. त्या दिवशी मात्र मास्तर स्वतःहून पुढे आले. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, दारूबंदीच्या सभेत भाषण करणारा माणूस. मला बरंच वाटलं. दुसरा पंच म्हणून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला धरून आणलं. ड्रायव्हरच्या बसायच्या जागेखाली हात घातल्याबरोबर हवालदाराला बाटली मिळाली. पंचांनी वास घेऊन खात्री करायची असते. शेतकऱ्यानं नाक लावून सांगितलं, "मोहाची हाय." मास्तरांनी तर बूच निघायच्या आधीच उपरण्यानं नाक झाकलं होतं. बाटलीला लाख लावून मोहोर केली, पंचनामा झाला, ड्रायव्हरला ठाण्यात आणलं.

ठाण्यात आल्यावर तो बाकावर बसला आणि खिशातून कागद काढून माझ्यापुढे धरला. सरकारी मोटार खात्यानं त्याला ड्रायव्हर म्हणून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ध्याला हजर व्हायचं होतं.

"साहेब, मले उद्या जाऊ द्या," तो म्हणाला. "नाई गेलो त जागा दुसऱ्याले देतीन. तीन पोरं हायेत. दोन वर्सं झाले, मी दुसऱ्याच्या वावरात मजुरी करून राह्यलो."

"आणि दारू?"

"मी पेतो साहेब. खोटं काऊन बोलू? पोळ्याले पेतो, होळीले पेतो. पन गाडीत नाई. तिच्यात मी आजबी पायातल्या वहाना काढून चढतो."

हवालदार हसला. दारूबंदीच्या ठाण्यात बसून पितो म्हणून सांगणारा आरोपी त्यानं पाहिला नव्हता. त्यानं बाही वर सरकवली, "साहेब, मी घेऊ का याला जरा आत?" मी त्याला बाहेर पाठवला. मारून कबूल करवलेला माणूस कोर्टात फिरतो आणि आपल्यालाच तोंडघशी पाडतो, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षातच शिकलो होतो.

मी तासभर उलटसुलट प्रश्न विचारले. दारू कोणाकडून आणतोस, कोणाला विकतोस, एकच बाटली कशी, बाकीच्या कुठं. खोटं बोलणारा माणूस सहसा तपशील फार देतो. ह्याच्याकडे तपशीलच नव्हता. एकच पालुपद, मला उद्या जाऊ द्या. माझी चिडचिड व्हायला लागली. दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टापुढे उभा करायचा होता. एकदा केस दाखल झाली की सरकारी नोकरी गेलीच, पुढे निर्दोष सुटला तरी ती जागा थोडीच त्याची वाट बघत थांबणार? आणि त्याला सोडावा, तर पंचांसमक्ष माल मिळालेला. वरिष्ठांना काय सांगू, माझं मन मानत नाही म्हणून?

ठाण्याच्या व्हरांड्यात मी येरझाऱ्या घालू लागलो. चहा आला तो तसाच गार झाला. शेवटी मुद्देमालाच्या कपाटातून ती बाटली काढली आणि मोहोर न मोडता उजेडात धरून नुसती बघत बसलो. हातभट्टीच्या बाटल्या मी ढिगानं पाहिल्या होत्या. चिकट, मातकट, हाताला घाण वास लागणाऱ्या. ही लख्ख होती. काचेवर उठावाची अक्षरं होती आणि त्यांच्या खाचांत पांढरट राख बसली होती. म्हणजे कोणीतरी ती बाहेरून राखेनं घासली होती, आपण घरची भांडी घासतो तशी. कुठला दारू विकणारा बाटली घासत बसतो? इथं नक्कीच पाणी मुरत होतं.

मी तसाच बाजारात गेलो आणि माळीणबाईला गाठलं. खबर कोण देतं ह्यापेक्षा ती त्याच्याकडे कुठून आली हे आधी विचारावं, हे हवालदाराला मी कितीदा सांगितलं असेल.

"तुला कोणी सांगितलं, बाई?"

"मास्तरीनबाई म्हने," ती मेथीच्या जुड्या बांधताना सहज म्हणाली. "मी दारावर भाजी द्याले गेलती त म्हने, तुह्या त्या हवालदाराले सांगजो. आता काय झालं? मह्यावर येऊन राह्यलं काय?"

तिच्यावर काही येणार नव्हतं. मी सायकल नाचणगावच्या रस्त्याला लावली.

मास्तर शाळेतून नुकतेच आले होते. बाईंनी पाणी दिलं. त्या अंधाऱ्या ओसरीवर मी बसलो आणि समोर ती मोटार, इतकी जवळ की हात लांबवला तर पत्र्याला लागावा. आत एक आठ-नऊ वर्षांची मुलगी लंगडत इकडून तिकडे गेली. मी जबाब घ्यायला आलोय असं सांगितलं. अजून काही विचारायच्या आतच बाईंनी मला विचारलं, "साहेब, ही आता कधी नेता?"

"काय?"

"ही गाडी. दारू सापडली ना तिच्यात. आता जप्त झाली असेल. कधी नेता ती ठाण्यावर?"

खरं सांगतो, त्या क्षणी मी डाव टाकला नव्हता. जे आहे ते सांगितलं. म्हणालो, "बाई, हिला ना चाकं, ना इंजिन. ही कुठं नेणार? जप्त झाली म्हणजे आता ती मुद्देमाल झाली. केसचा निकाल लागेपर्यंत आहे तिथंच राहील. दोन वर्षं लागतील, अपील झालं तर आणखी. तिचा एक पत्रासुद्धा कोणाला हलवता येणार नाही. उलट गावातल्या एका प्रतिष्ठित माणसाच्या ताब्यात ती द्यावी लागेल, सुपूर्तनामा करून. मास्तर, मला वाटतं तुमचंच नाव घालावं. तुम्ही समोरच आहात, लक्ष राहील."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे ती इथंच? आणि तुम्ही राखायची?"

मास्तरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मग एवढं पाप कशासाठी केलं हो आपण?" बाई म्हणाल्या, आणि रडायलाच लागल्या.

मास्तरांनी काही लपवलं नाही. नदीकाठच्या भट्टीवर ते स्वतः गेले होते, जन्मात पहिल्यांदा. बाटली घरात आणली तेव्हा बाईंना तिला हात लावायची किळस आली, म्हणून त्यांनी ती राखेनं घासली. ड्रायव्हर मजुरीला गेल्यावर मास्तरांनी ती सीटखाली ठेवली. पोलीस गाडी उचलून नेतील, दोन-चार रुपये दंड करून माणसाला सोडून देतील, एवढीच त्यांची समजूत. त्याला नोकरी लागलीय हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"पण इतका राग?" मी विचारलं.

मास्तरांनी मुलीला बाहेर बोलावलं आणि तिचा पाय दाखवला. मागच्या उन्हाळ्यात मोटारीतून निघालेला विंचू तिला चावला होता. पोर रात्रभर मरणाच्या दारात होती. वाचली, पण घोट्याची जखम चिघळली आणि पाय अधू राहिला. मला त्या माणसाचा संताप आला होता, तो त्या पायाकडे बघून अर्ध्यावर राहिला. पण येताना मी पाहिलं होतं, मोटारीपलीकडच्या दारात ड्रायव्हरची बायको तीन पोरं घेऊन उंबऱ्यावर बसली होती. तीही माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"उद्या सकाळी ठाण्यात या आणि हे त्याच्यासमोर सांगा," एवढं बोलून मी उठलो. आले नसते तर काय केलं असतं कोण जाणे. पोलिसासमोर दिलेल्या कबुलीला कोर्टात काडीची किंमत नसते.

पण मास्तर आले, ठाणं झाडून होतंय तोवरच. मी ड्रायव्हरला कोठडीतून बाहेर काढलं. मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "ती बाटली मी ठेवली."

ड्रायव्हरला आधी समजेना. मग त्यानं विचारलं, "काऊन?"

मास्तरांनी विंचवाचं सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज चढत गेला, जणू आपणच फिर्यादी. ड्रायव्हर खाली बघत ऐकत होता.

"पोरीले चावला तो मह्या गाडीतला होता?"

"हो."

"मले कोनी सांगितलं नाई."

"चार वेळा सांगितलं तुला गाडी काढ म्हणून."

"गाडी काढ म्हनलं मास्तर. मले वाटलं तुमाले माही गाडी डोयात खुपते. इंचवाचं नाई म्हनलं तुमी."

तेव्हा मी मध्ये पडलो. ड्रायव्हरला सांगितलं, तुझ्याविरुद्ध पुरावा नाही असा रिपोर्ट मी कोर्टाकडे करतो, तू सुटलास. आता तू फिर्याद दे. तुझ्या फिर्यादीवर मला मास्तरांवर केस उभी करता येईल. भट्टीवाल्याला धरून त्याची साक्षही मिळवता येईल. केस झाली की शाळा ह्यांना त्याच दिवशी घरी बसवेल, हेही मी त्याला सांगितलं, कारण ते त्याला माहीत असायला हवं होतं. हवालदारानं कागद-दौत पुढे सरकवली. मास्तर भिंतीला टेकून उभे होते.

ड्रायव्हरनं त्या कोऱ्या कागदाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. मला वाटलं, आता लिहा म्हणतो. माझी तशी इच्छाही होती, खोटं का सांगू. पंच म्हणून माझ्या पंचनाम्यावर सही करून ह्या माणसानं मला मूर्ख बनवलं होतं.

"साहेब," तो म्हणाला, "काल दिवसभर मी एकच इचार करून राह्यलो होतो, का नोकरी गेली म्हनून घरी कोन्या तोंडानं सांगू. आता मास्तरलेबी तोच इचार करायले लावू काय? मले नाई जमत. मले सोडा, वर्ध्याच्या गाडीचा टाइम होऊन राह्यला."

पायऱ्या उतरता उतरता तो थांबला आणि मागे न वळता बोलला, "येत्या सुट्टीले तोडून नेतो मी ती गाडी. तोवर पोरीले तिकडे खेळू देऊ नोका."

मास्तर तिथंच बाकावर बसले. मी त्यांना जा म्हणालो नाही, बसा म्हणालो नाही.

कागदोपत्री ही माझी एक फसलेली केस आहे. आरोपी नाही, शिक्षा नाही, वरिष्ठांचा ठपका मात्र आला. पण त्यानंतर शेजाऱ्याची तक्रार घेऊन जो कोणी ठाण्यात आला, त्याला मी पहिला प्रश्न हाच विचारला, की तुमच्या घरात नेमकं कोणाला काय झालं? लोक आपल्याला काय हवं ते सांगतात, भिंत पाडा, झाड तोडा, गाडी काढा. दुखतं कुठं ते सांगायचं राहून जातं, आणि त्यांना वाटत असतं की ते समोरच्याला ठाऊकच आहे.

ड्रायव्हर वेळेवर हजर झाला आणि त्याची नोकरी वाचली. सुट्टीच्या दिवशी त्यानं माणसं लावून मोटार तोडली आणि पत्रे बैलगाडीत भरून नेले. काही महिन्यांनी मी त्या बाजूला गेलो, तर मास्तरांच्या ओसरीवर स्वच्छ ऊन पडलं होतं, पण दार-खिडक्या बंद होत्या. शेजाऱ्यांनी सांगितलं, मास्तर बदली मागून दूरच्या गावी गेले. मोटार हलल्यापासून सकाळी दार उघडलं की समोर ड्रायव्हरचं दार दिसायचं. तो कामाला निघताना मुद्दाम थांबून रामराम करायचा, मुलीच्या पायाची चौकशी करायचा. मास्तरांना ते सोसलं नाही.